काळ्या मातीतले तेल

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग वर्धा नदी ओलांडून यवतमाळ जिल्ह्यात शिरतो आणि वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी अशी गावे घेत पैनगंगेकडे उतरतो. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता, आता ४४ आहे. अशा प्रत्येक महामार्गावर ट्रक दुरुस्तीची गॅरेजे असतात. तेथे इंजिनातले ऑइल बदलले जाते, सुटे भाग डिझेलने धुतले जातात आणि त्यातले थोडेफार रोज जमिनीवर सांडते. रेताड किंवा मुरमाड जमिनीवर असा डाग लगेच डोळ्यात भरतो. आपल्याकडे मात्र जमीनच काळी. काळ्या मातीत काळे तेल मुरले की दिसेनासे होते.

मग ही जमीन बिघडली आहे की नाही, बिघडली असेल तर किती आणि किती खोलवर, हे ठरवायचे कसे? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास मोठा गमतीचा आहे. तो दुधातल्या स्निग्धांशापासून सुरू होतो आणि ओझोनच्या थराला वळसा घालून हॉलंडमधल्या एका खेड्यात पोचतो. तेथे तयार झालेली मोजपट्टी आपल्या मातीला लावली तर काय होते, हे आपण या लेखात पाहणार आहोत.

आधी एक शब्द. मुंबई-पुण्याकडे ज्याला रॉकेल किंवा घासलेट म्हणतात, त्याला विदर्भात मातीतेल म्हणतात. मातीतून निघालेले तेल, म्हणून मातीतेल. दिव्यापुरते हे तेल घराघरांत पोचले, त्यामागून ऑइल इंजिने आली. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालची. गावात वीज येण्यापूर्वी विहिरीवर डिझेल इंजिन बसवणे ही मोठी प्रगती होती. त्या काळात विहिरीवर काम केलेल्या कोणालाही विचारा, इंजिनाखालची तेलकट जमीन आणि पाण्यावरचा रंगीत तवंग त्यांना आठवेल. मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांच्या ‘शकुंतला’ गाडीची वाफेची इंजिने १९९४ साली गेली आणि डिझेल इंजिन आले. वणी तालुक्यातल्या उकणी, घोन्सा, कोलारपिंपरी या कोळसा खाणींत डंपर आणि उत्खनन यंत्रे डिझेलवर चालतात. मातीतून निघालेले तेल या ना त्या वाटेने पुन्हा मातीत जात राहिले.

आता हे तेल मातीत गेल्यावर त्याचे काय होते ते पाहू. खनिज तेल हा एक पदार्थ नव्हे. शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण असते. पेट्रोलमधल्या रेणूंत साधारण ४ ते १२ कार्बन अणू असतात, डिझेलमध्ये १० ते २२, इंजिन ऑइलमध्ये त्याहून जास्त. लहान रेणू भराभर उडून जातात, पण तेच पाण्यात जास्त विरघळतात. मोठे रेणू मातीच्या कणांना चिकटून बसतात, उडतही नाहीत आणि विरघळतही नाहीत. काही रेणू मातीतले जिवाणू खातात. तेव्हा तेल सांडले त्या दिवशीचे मिश्रण आणि सहा महिन्यांनंतरचे मिश्रण या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

धोका नेमका कुणाचा? एक गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. आजच्या नियमानुसार पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानाने १ टक्क्यापर्यंत असू शकते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त १० मिलिलिटर, वजनाने सुमारे ८.८ ग्रॅम. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात १ लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मर्यादा सुचवली आहे. भागाकार केला तर हे ८.८ ग्रॅम बेंझीन ८ लाख ८० हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरे. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत ५ मीटर पाणी असेल तर ते सुमारे १ लाख ४१ हजार लिटर भरते. म्हणजे एका लिटरमध्ये सहा विहिरी! अर्थात हे कागदावरचे गणित झाले. प्रत्यक्षात बरेचसे बेंझीन हवेत उडते, काही जिवाणू संपवतात. पण पेट्रोलपंपाची भूमिगत टाकी झिरपत असेल तर ते जमिनीखालीच पसरते आणि त्याला उडायला वाव मिळत नाही. उलट, गॅरेजपुढचे जळके ऑइल दिसायला कितीतरी ओंगळ असते. पण ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि जागा सोडत नाही. डोळा आणि नाक यांवर विसंबून धोका ठरवता येत नाही तो यामुळे.

तेल मोजण्याची पहिली रीत होती ते काढून तोलण्याची. १८७९ साली फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक काचेचे उपकरण बनवले. खाली द्रावक उकळतो, त्याची वाफ वर थंड होऊन नमुन्यावर ठिबकते, स्निग्ध पदार्थ घेऊन पुन्हा खाली येते आणि हे चक्र तासन् तास चालते. हे उपकरण होते दुधातला स्निग्धांश मोजण्यासाठी. कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ते आजही दिसते. पुढे त्याच उपकरणात माती घालून तेल काढले जाऊ लागले. द्रावक उडवून द्यायचा आणि उरलेला अंश तोलायचा. या अंशाला ‘तेल व ग्रीस’ असे नाव मिळाले आणि ते कायद्यांतही गेले. आपल्याकडे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांखाली नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात ‘तेल व ग्रीस’ लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असे सर्वसाधारण मानक आहे.

या रीतीत दोन उणिवा होत्या. तराजूला डिझेल आणि शेंगदाण्याचे तेल यांतला फरक कळत नाही. शिवाय द्रावक उडवताना त्याच्याबरोबर पेट्रोलही उडून जाते. म्हणजे जे सर्वांत धोक्याचे तेच मोजमापातून निसटते.

दुसरी रीत अवरक्त किरणांची. हायड्रोकार्बनमधला कार्बन-हायड्रोजन बंध ३.४ मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण शोषतो. किती शोषले ते पाहिले की किती बंध आहेत ते कळते. पण त्यासाठी द्रावक असा हवा की ज्यात हा बंधच नाही. कार्बन टेट्राक्लोराइड तसा आहे, पण यकृताला घातक. म्हणून फ्रिऑन-११३ वापरात आला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७८ साली ही पद्धत पाण्यासाठी घालून दिली आणि लवकरच ती मातीलाही लावली गेली. नमुना द्यावा, अर्ध्या दिवसात एक आकडा मिळावा, अशी सोय झाली. ‘एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ असे त्या आकड्याचे नाव. पण फ्रिऑन-११३ हा ओझोनचा थर खाणाऱ्या वायूंच्या कुटुंबातला निघाला. १९८७ च्या माँट्रियल करारात त्याचे नाव आले आणि जमिनीतले तेल मोजणाऱ्यांच्या हातून त्यांचा द्रावक गेला. आकाशातल्या छिद्राने मातीच्या प्रयोगशाळेला अडचणीत आणल्याचे असे उदाहरण दुसरे आठवत नाही.

खरे तर ती पद्धत गेली याचे फार दुःख करण्याचे कारण नव्हते. गवत, पालापाचोळा, शेणखत यांत मेण आणि चरबी असते, आणि त्यांतही तेच कार्बन-हायड्रोजन बंध असतात. सिलिका जेलमधून अर्क गाळला की चरबी अडकते, पण मेणातले हायड्रोकार्बन निसटून तेलात जमा होतात. चांगले शेणखत घातलेले वावर या आकड्यात डिझेल सांडल्यासारखे दिसू शकते!

यातून सुटका केली गॅस क्रोमॅटोग्राफीने. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी ही पद्धत मांडली. लांब, बारीक नळीतून वायूबरोबर मिश्रण सोडले की हलके रेणू आधी बाहेर पडतात आणि जड मागून. कागदावर प्रत्येकाचे शिखर उमटते. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल यांची चित्रे बोटांच्या ठशांसारखी वेगवेगळी ओळखता येतात. पानांवरच्या मेणात २७, २९, ३१ अशा विषम कार्बन संख्येच्या रेणूंचे प्राबल्य असते, खनिज तेलात सम-विषम असा भेद नसतो. खताचे मेण आणि सांडलेले तेल यांचा घोळ असा मिटतो. तेल किती जुने हेही थोडेफार उमगते. जिवाणू सरळ साखळीचे रेणू आधी खातात, फाटे फुटलेले मागे ठेवतात. म्हणून १७ कार्बनची सरळ साखळी आणि तिच्या शेजारीच उमटणारा फाटेदार प्रिस्टेन यांचे प्रमाण घटत गेले, तर जमीन स्वतःला सावरते आहे असे समजते.

येथे जिवाणूंविषयी दोन शब्द. ते हायड्रोकार्बन खातात याचा विस्तृत आढावा क्लॉड झोबेल यांनी १९४६ सालीच घेतला होता. आनंदमोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत तेल खाणारा जिवाणू घडवला आणि १९८० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याला पेटंट मिळू शकते असा निकाल दिला. तो खटला जगभर गाजला, जिवाणू मात्र प्रत्यक्ष जमिनीवर कधी वापरला गेला नाही. दिल्लीच्या टेरी संस्थेने ‘ऑइलझॅपर’ हे निसर्गात सापडणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण तयार केले आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या गाळावर ते वापरले गेले.

मोजता तर येऊ लागले; पण किती तेल म्हणजे फार? हा प्रश्न हॉलंडमधल्या लेकेरकेर्क या गावाने ऐरणीवर आणला. तेथे १९७० च्या दशकात जुने चर बुजवून त्यांवर घरे बांधली होती. भरावात रासायनिक कचऱ्याची पिंपे होती, त्यांत टोल्युइन, झायलीन असे हायड्रोकार्बन होते. घराघरांत वास येऊ लागला, पाण्याचे नळ खराब झाले आणि १९८० साली अडीचशेहून अधिक घरे रिकामी करावी लागली. देश हादरला. १९८३ साली तेथे जमीन स्वच्छ करण्याचा कायदा झाला आणि त्याबरोबर आकड्यांची यादी आली. यादीची कल्पना अशी की एका पातळीच्या खाली चिंता नाही, दुसरीच्या वर आणखी तपास, तिसरीच्या वर सफाई. पुढे १९९४ पासून खनिज तेलासाठी वरची पातळी दर किलो मातीत ५००० मिलिग्रॅम अशी लिहिली गेली. म्हणजे किलोभर मातीत चहाचा एक चमचा तेल.

‘डच यादी’ जगभर वापरली गेली. ज्या देशांकडे स्वतःचे आकडे नव्हते त्यांनी ती उचलली. आमच्या मते येथेच खरी चूक होत आली. ५००० हा आकडा सगळे उचलतात, त्याखालची टीप कोणी वाचत नाही. तो आकडा आहे एका ‘प्रमाण मातीसाठी’, जिच्यात १० टक्के सेंद्रिय द्रव्य आणि २५ टक्के चिकणकण असतात. तेल प्रामुख्याने सेंद्रिय द्रव्याला चिकटते. ते कमी असेल तर तेल मोकळे राहते, म्हणून मर्यादाही त्या प्रमाणात खाली आणायची, मात्र २ टक्क्यांपर्यंतच, असे डच नियम सांगतो. आपल्या कोरडवाहू काळ्या जमिनीत सेंद्रिय द्रव्य बहुधा २ टक्क्यांपेक्षा कमीच भरते. तेव्हा गणित होते ५००० गुणिले २ भागिले १०, म्हणजे १०००. किलोमागे ३००० मिलिग्रॅम तेल असलेली यवतमाळची माती टीप न वाचणाऱ्याच्या अहवालात निर्धोक ठरेल, आणि त्याच यादीने, टीप वाचून, मर्यादेच्या तिप्पट दूषित ठरेल.

आणि एवढ्यानेही भागत नाही. काळ्या मातीत चिकणकण बहुधा ४० ते ६० टक्के असतात, आणि तेही स्मेक्टाइट जातीचे. पाणी मिळाले की फुगतात, वाळले की आक्रसतात. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या रुंद, कधी मीटरभर खोल भेगा पडतात हे आपल्याकडच्या मुलांना सांगायला नको. अशा मातीला मृदाशास्त्रात ‘व्हर्टिसॉल’ म्हणतात. हे नाव ज्या लॅटिन धातूपासून आले त्याचा अर्थ ‘उलथणे’. वरची माती भेगांतून खाली पडते, पावसाळ्यात खालची फुगून वर सरकते. स्वतःच स्वतःला नांगरणारी ही जमीन आहे. आता मे महिन्यात सांडलेल्या डिझेलचा विचार करा. ते वरच्या थरात न मुरता भेगेतून थेट खाली मुरमापर्यंत जाईल, आणि मुरमाखालच्या बेसॉल्टच्या फटीत शिरेल. जुलैमध्ये भेगा मिटतील. ऑगस्टमध्ये कोणी वरच्या वीतभर मातीचा नमुना नेला तर अहवाल स्वच्छ येईल. त्या सुमारास भूजल वर आलेले असते आणि शेजारच्या विहिरीला त्याच फटींतून पाझर लागलेला असतो. वरून मिटलेल्या ओल्या चिकणमातीत हवा खेळत नाही, त्यामुळे जिवाणूंचे कामही मंदावते. त्यांना नत्र आणि स्फुरदही लागते, आणि नत्राची उणीव ही तर या जमिनीची जुनी दुखणी.

वणीकडे आणखी एक गुंता आहे. जिल्ह्याचा बराच भाग बेसॉल्टवर असला तरी तिकडे गोंडवन काळातले कोळशाचे थर आहेत. वाहतुकीच्या रस्त्याकडेच्या शेतांत कोळशाची धूळ बसते. कोळशातूनही द्रावकात काही हायड्रोकार्बन उतरतात. तेव्हा तेथल्या मातीत आकडा आला म्हणजे डिझेल सांडले असे नव्हे, आणि ‘हा तर कोळसा’ म्हणून सोडून देण्यासारखेही नव्हे. यावर उपाय एकच. संशयित जागेपासून दूरचा, पण त्याच मातीचा आणि तितक्याच धुळीचा तुलनेचा नमुना. तो न घेता केलेली तपासणी फुकट.

अमेरिकेत १९८४ साली भूमिगत टाक्यांसाठी कायदा झाल्यावर गळणाऱ्या टाक्या एवढ्या निघाल्या की प्रत्येक जागा एकाच आकड्यापर्यंत स्वच्छ करणे अशक्य झाले. तेथे १९९० च्या दशकात प्रश्नच बदलला. तेल किती, यापेक्षा कोणते तेल, कोणत्या वाटेने, कोणापर्यंत पोचते, हे आधी विचारा, असे ठरले. काळ्या मातीसाठी ही विचारसरणी आम्हाला जास्त योग्य वाटते, कारण आपल्याकडे वाट म्हणजे भेग आणि ज्याच्यापर्यंत पोचायचे ते म्हणजे विहीर, हे दोन्ही डोळ्यांसमोर असते.

भारतात सांडपाण्यातल्या तेलाला आकडा होता, पण तेलाने बिघडलेल्या जमिनीचे काय करायचे याची स्वतंत्र कायदेशीर पद्धत बराच काळ नव्हती. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ जहाजाला टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल सांडले, रायगडचे किनारे आणि खारफुटी माखली. ते सर्वांना दिसले. २०१३ साली चेन्नईच्या तोंडियारपेट भागात बोअरवेलच्या पाण्यात पेट्रोलियम येऊ लागले तेव्हा मात्र दोष जमिनीखालच्या वाहिनीत होता आणि तो आधी कळला रहिवाशांना. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले. त्यांनुसार संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी जिल्हा प्रशासनाने द्यायचा, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि मग सविस्तर पाहणी. खाणकामातून झालेले प्रदूषण या नियमांच्या बाहेर ठेवले आहे. वणी तालुक्याच्या दृष्टीने ही मोठीच पळवाट आहे.

यवतमाळहून नागपूर काही फार दूर नाही. पर्यावरण अभियांत्रिकीची नीरी ही राष्ट्रीय संस्था तेथे १९५८ पासून आहे आणि देशाच्या मृदा सर्वेक्षण ब्यूरोचे मुख्यालयही तेथेच आहे. तेल मोजणारे आणि काळी माती ओळखणारे एकाच शहरात आहेत. पण सहामाही अहवालात नाव यायचे तर जागेवर संशय आधी गावात कोणाला तरी यावा लागेल.

त्यासाठी शाळेला करता येईल अशी एक गोष्ट. पावसाळ्यानंतर विहिरीच्या किंवा डबक्याच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर तो तेलाचाच असतो असे नाही. लोहयुक्त पाण्यात वाढणारे जिवाणूही तसाच तवंग तयार करतात. काठीने तो हलकेच हलवून पाहा. काचेच्या पातळ कपच्यांसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले तर ते जिवाणूंचे काम. तवंग फिरून पुन्हा जुळून आला तर तेल. बाटली तोंडाजवळ नेऊन वास घेत बसू नये. नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावा, म्हणजे वर हवा राहून बेंझीनसारखे पदार्थ त्यात उडणार नाहीत. प्लॅस्टिकची बाटली नको, ती तेल शोषते. बाटलीवर तारीख, विहीर आणि जवळची संशयित जागा लिहावी, ती बर्फात ठेवून आठवड्याच्या आत प्रयोगशाळेत पोचवावी. आणि मातीचा नमुना घ्यायचा असेल तर पावसाची वाट न पाहता वैशाखात, भेगा उघड्या असताना, भेगेच्या तळातून घ्यावा.